९३६३५८४ आणि हज्जा तामूचा मेंढा

ॲटलस पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या सफ्रू गावात प्रत्येकाला काही ना काही वेड असतंच. कुणाला चेरीच्या कलमांचं, कुणाला कबुतरांचं, कुणाला सासुरवाडीशी भांडायचं. सी, म्हणजे आमच्याकडचे श्रीयुत, बुश्ता लमरीनींना एका आकड्याचं होतं. गणित शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांना आकडे आवडले तर त्यात नवल नाही, हलवायाच्या अंगालाही साखरेचा वास येतोच. पण सी बुश्तांचा जीव जडला होता तो एकाच आकड्यावर. त्र्याण्णव लाख त्रेसष्ट हजार पाचशे चौऱ्याऐंशी. हा आकडा ते असा उच्चारत, की कुणा खानदानी माणसाचं आजा-पणजासकट नाव घेताहेत असं वाटावं.

माझं रेशमी दोऱ्याचं आणि जेलाब्याच्या, म्हणजे आमच्या टोपीवाल्या लांब झग्याच्या, गुंड्यांचं दुकान त्यांच्या दारासमोरच आहे. मी त्यांचा विद्यार्थीही होतो. सातचा पाढा मला अजून धड येत नाही, पण ९३६३५८४ झोपेतही म्हणून दाखवीन. आमच्या पिढीत सगळ्यांचं तसंच आहे.

आता त्या आकड्यात एवढं काय आहे ते सांगतो. घाबरू नका, मला समजलंय म्हणजे कुणालाही समजेल. आधी छोटा नमुना घ्या, दोनशे वीस. त्याला कोणकोणत्या लहान आकड्यांनी पूर्ण भाग जातो? एक, दोन, चार, पाच, दहा, अकरा, वीस, बावीस, चव्वेचाळीस, पंचावन्न, एकशे दहा. यांची बेरीज करा, दोनशे चौऱ्याऐंशी येते. आता त्या दोनशे चौऱ्याऐंशीला फोडा. एक, दोन, चार, एकाहत्तर, एकशे बेचाळीस. बेरीज? परत दोनशे वीस! एकाच्या पोटात दुसरा आणि दुसऱ्याच्या पोटात पहिला. हे मैत्रीचे आकडे. आमच्याकडची जुनी माणसं असे दोन आकडे खाण्याच्या जिनसांवर लिहीत, एक आपण खात, दुसरा ज्याचं मन वळवायचं त्याला खाऊ घालत.

पण दोनशे वीस म्हणजे सी बुश्तांच्या मते बाजारात तोंडओळख झालेल्यांची मैत्री. खरी मैत्री त्यांच्या आकड्याची. त्याला स्वतःखेरीज एकतीस आकड्यांनी भाग जातो, आणि त्या एकतिसांची बेरीज होते ९४३७०५६. हा जोडीदार. त्याला भाग जातो तो पंधराच आकड्यांनी, पण त्या पंधरांची बेरीज केली की पुन्हा आपला ९३६३५८४ समोर हजर.

"एकतीस जण एकत्र येतात आणि एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं," मास्तर बोट उंचावून म्हणत. "आपल्या गावात कुठल्या घरात असं घडलंय, सांगा!"

घडलं नव्हतं, हे खरंच.

हे सगळं रोज संध्याकाळी ऐकून घेणारा माणूस जगात एकच होता, सी अल्लाल. ते त्याच शाळेत भूगोल शिकवायचे. दोघं चाळीस वर्षं चौकातल्या कॉफीखान्यात त्याच दोन खुर्च्यांवर बसत, मध्ये पुदिन्याच्या चहाची किटली. मास्तर आकडा सांगत, अल्लाल टोमणे मारत.

"बुश्ता, तुझा हा एवढा मोठा आकडा तेलाचा बुधला तरी उचलून देईल का रे?"

"तुझ्या ॲटलस पर्वतानं कधी दिलाय उचलून?"

"पर्वतावर निदान बर्फ तरी पडतं!"

खरं सांगायचं तर अल्लाल ऐकत नसत. पण ऐकत नसताना योग्य जागी मान डोलवत, आणि कुणाही संसारी माणसाला विचारा, तेवढ्यावर आयुष्य निघतं.

हे सगळं बिघडलं अल्लालच्या मुलीच्या, बहीजाच्या लग्नात. मुलगा लांबच्या तांजा शहरातला, घराणं मोठं, व्याही कस्टममधला साहेब. जेवणाआधी अल्लालनं प्रेमानं मित्राला उभं केलं आणि आशीर्वादाचे चार शब्द बोलायला सांगितलं. चूक अल्लालचीच. ज्या माणसाला एकतीस विभाजक पाठ आहेत त्याला कधी चार शब्द बोलायला सांगू नये.

मास्तरांनी घसा खाकरला. "आपली बहीजा म्हणजे त्र्याण्णव लाख त्रेसष्ट हजार पाचशे चौऱ्याऐंशी!"

व्याह्यांना वाटलं मेहेरच्या रकमेचा आकडा बदलला की काय. ते सावरून बसले.

"हिला तोडा," मास्तर म्हणाले. पाहुण्यांतल्या एका म्हातारीनं छातीला हात लावला. "जितक्या परींनी तोडता येईल तितक्या परींनी तोडा. सगळे तुकडे गोळा करा. आणि त्या तुकड्यांची बेरीज म्हणजेच हे आपले जावईबापू!"

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. याहून मोठी स्तुती त्यांना ठाऊक नव्हती. पण व्याही उभे राहिले. "म्हणजे आमचा मुलगा तुमच्या मुलीच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची गोळाबेरीज?"

"गोळाबेरीज कशी? अगदी अचूक बेरीज!"

"बुश्ता, खाली बस," अल्लाल दातांतल्या दातांत म्हणाले.

"अरे, अजून अर्धंच झालंय. आता जावयालाही तोडून दाखवतो!"

इथे नवऱ्या मुलाच्या आईनं हंबरडा फोडला. पुढचा तासभर समजूत घालण्यात गेला, मांसाचं सारण भरलेला बस्तिला गार झाला. त्यावरची साखर ओली होऊन बसली आणि वाजंत्रीवाले उपाशीच वाजवत राहिले. लग्न पार पडलं, पण मांडवाच्या दाराशी अल्लाल मास्तरांना म्हणाले, "चाळीस वर्षं मी तुझा भागाकार ऐकला. माझ्या पोरीच्या लग्नात तरी करायचा नव्हतास. आता तुझं-माझं बाकी काही नाही."

त्या दिवसापासून दोघांत छत्तीसचा आकडा. अल्लाल कॉफीखान्यात येत, पण खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवत आणि पाठ केलेले देश भिंतीला सांगत बसत. मास्तर दुसऱ्या कोपऱ्यात. त्यांनी इतर गिऱ्हाइकं शोधून पाहिली. न्हाव्याला आकडा सांगितला, तर त्यानं अर्धीच दाढी करून त्यांना बाहेर काढलं. माझ्या दुकानात येऊन सांगू लागले, तर मी गुंड्या मोजायचं नाटक केलं, आणि मास्तर तेही तपासायला बसले. दिवसेंदिवस माणूस वाळत चालला. एकदा त्यांनी बिनसाखरेचा चहा पिऊन टाकला आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही. आमच्या गावात याच्या पुढची पायरी म्हणजे थेट जनाजा.

त्यात बातमी आली, की मुलगी गेल्यापासून घरात एकट्या पडलेल्या अल्लालला बहीजा तांज्याला कायमची घेऊन जाणार. मोठी ईद झाली की निघायचं. अल्लालनं नवी बॅगसुद्धा घेतली.

मी मास्तरांना म्हटलं, "उस्ताद, जाऊन माफी मागा ना. पलीकडच्याच गल्लीत तर घर आहे."

"माफी?" मास्तर म्हणाले. "मी कसली माफी मागायची? माझी बेरीज चुकली होती का?"

"बेरीज नाही हो चुकली."

"मग?"

मी गुंड्या मोजू लागलो.

पण दुसऱ्या दिवशी मास्तरांचा चेहरा उजळलेला. त्यांची बायको लल्ला रकिया उंबऱ्यात बसून सुईनं गुंड्या वळत होती, तिनंच मला हाक मारली. "अरे, ऐकलंस का? आमच्या यांनी औषध शोधलंय. रोटीवर आकडा लिहून सी अल्लालला खाऊ घालणार!"

"हसतेस काय?" आतून आवाज आला. "जुना तोडगा आहे. मी नऊ लाख..."

"त्र्याण्णव लाख," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"...बघा, हल्ली जीभही वळत नाही! त्र्याण्णव लाखवाला त्यानं खायचा, चौऱ्याण्णव लाखवाला मी खायचा. मैत्री आपोआप."

"आणि नेहमीचा तो दोनशे वीस नाही का चालणार?" रकियानं विचारलं. "लिहायला तरी सोपा."

"दोनशे वीस नवरा-बायकोच्या रुसव्याला ठीक आहे. चाळीस वर्षांच्या मैत्रीला तडा गेलाय, तिथे चुना लावून भागत नाही."

आता सात आकडे मावायचे तर रोटी तेवढी हवी. रकियानं परातीएवढ्या दोन थापल्या, बडीशेप आणि तीळ घालून, कारण तिच्या हातची रोटी बिनबडीशेपेची कधी भट्टीत गेलीच नाही. मास्तरांनी सुरीनं आकडे कोरले. कणीक फुगली आणि आकडे मिटले. पुन्हा कोरले, पुन्हा मिटले. शेवटी त्यांनी बायकोची गुंड्यांची सुई घेतली आणि टोचून टोचून एकेक आकडा उमटवला. आपण खायच्या रोटीवर रकियानं सवयीनं घरची किल्लीही उमटवली, अल्लालच्या रोटीवर मास्तरांनी ती उमटवू दिली नाही.

"ही रोटी आहे की मोटारीची नंबरपाटी?" रकिया म्हणाली.

"तू फक्त तो शेवटचा चार फुगून मिटू देऊ नकोस."

आता ही रोटी अल्लालच्या पोटात कशी जायची? मास्तरांचा बेत साधा होता. आसपासच्या गल्ल्यांतल्या सगळ्या घरांची कणीक बा सल्लामच्या भट्टीत भाजायला जाते, प्रत्येक घराची आपापल्या फळीवर. अल्लालच्या फळीवर गुपचूप आपली रोटी ठेवायची, त्याची एक उचलायची, म्हणजे संख्या तीच राहील. गणितात याला चूक नाही.

चूक एवढीच होती, की सी बुश्ता जन्मात कधी भट्टीवर गेले नव्हते.

त्या सकाळी मास्तर डोक्यावर फळी घेऊन निघाले, तेव्हा आमची गल्ली कामं सोडून दारात आली. मीही दुकानाला कुलूप घालून मागोमाग गेलो. असली संधी चुकवायला मी काही वेडा नाही.

बा सल्लाम दोन पुरुष लांबीचं लाकडी उलथनं घेऊन भट्टीच्या तोंडाशी उभा होता. "या या उस्ताद! लल्ला रकिया आजारी आहे काय?"

"नाही, नाही. सहज आलो. व्यायाम."

बा सल्लाम आत वाकला आणि मास्तरांनी डाव साधला. अल्लालची फळी ओळखू येण्यासारखी होतीच. मुलगी गेल्यापासून अल्लाल स्वतः कणीक मळत, आणि त्यांच्या रोट्यांवर डोंगर, दऱ्या, पठारं सगळं असे. मास्तरांनी मैत्रीची रोटी तिथे ठेवली, एक डोंगराळ रोटी उचलली, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की ही ठेवायची कुठे याचा विचारच केलेला नाही. बा सल्लाम वळत होता. मास्तरांनी कच्ची रोटी पाठीवर लोंबणाऱ्या जेलाब्याच्या टोपीत टाकली.

"बसा ना उस्ताद, इथे, भट्टीजवळ. ऊब आहे."

नाही म्हणायला निमित्त नव्हतं. मास्तर बसले. बा सल्लाम आपल्या बायकोच्या मामाच्या गाढवाची गोष्ट सांगू लागला. ऊब होतीच. टोपीतली कणीक निवांतपणे फुगू लागली. मास्तर उठून घराकडे निघाले तेव्हा मागून पाहणाऱ्याला वाटलं असतं, की विद्वत्ता जास्त झाल्यामुळे यांना दुसरं डोकं फुटलंय. लल्ला रकियाला तो जेलाबा दोन दिवस भिजत घालावा लागला, आणि त्या दोन दिवसांत ती काय काय बोलली ते मी दुकानातून ऐकलं आहे, पण लिहिणार नाही.

दुपारी भाजलेली चौऱ्याण्णव लाखांची रोटी घरी आली. मास्तरांनी एकट्यानं संपवली, कुणाला तुकडा दिला नाही. मग दाढी करून, अत्तर लावून दारात बसले, अल्लालची वाट पाहत.

तिसऱ्या प्रहरी कुणीतरी धाडधाड दार ठोठावलं. मास्तर धावले. दारात अल्लाल नव्हते. अल्लालची थोरली बहीण, हज्जा तामू होती.

हज्जा तामूबद्दल थोडं सांगायला हवं. वीस वर्षांपूर्वी नवरा वारला, तेव्हापासून तिनं गल्लीच्या टोकाचं आपलं घर आणि गल्लीच्या या टोकापर्यंतची सगळी माणसं एकटीनं धाकात ठेवली आहेत. तिच्या जिभेला मुल्लाही बिचकतात. ती त्या दिवशी दारात उभी होती, धापा टाकत, गाल लाल झालेले, डोक्यावरची ओढणी घसरलेली. ईदसाठी घेतलेला मेंढा दोरीला होता. रोज दुपारी ती त्याला फिरवायला नेते, त्यात विशेष काही नव्हतं.

"सी बुश्ता," ती म्हणाली.

"हज्जा?"

तिनं इकडे तिकडे पाहिलं. "किती वाजले?"

समोरच्या मिनारावर घड्याळ होतं. मास्तरांनी वेळ सांगितली. ती गेली. मास्तर गोंधळून आत आले.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ती पुन्हा हजर. तशीच धाप, तेच लाल गाल. "लल्ला रकियाकडे पुदिन्याची काडी असेल का?" हिच्या अंगणात सबंध गावाला पुरेल एवढा पुदिना! तिसऱ्या दिवशी तर ती काही न विचारता नुसतीच मास्तरांकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "काही नाही. चाललंय ते चालू द्या."

मास्तरांच्या पाचावर धारण बसली. ते तडक भट्टीवर गेले, मला ओढत.

"बा सल्लाम, परवा... एक टोचलेली रोटी होती. कुणाकडे गेली?"

"टोचलेली म्हणजे हज्जा तामूचीच! ती फणीनं टोचते ना, चाळणीसारखी. तिलाच दिली."

"पण ती तर अल्लालच्या फळीवर होती!"

"फळी?" बा सल्लाम पोट धरून हसला. "उस्ताद, एकदा भट्टीत गेल्यावर फळी कोण बघतं? आत सगळ्यांच्या रोट्या एकत्र. मी रोटीच्या तोंडावरची खूण बघतो. चार बोटं दाबलेली नोटरीच्या घरची, किल्ली उमटवलेली तुमची, टोचलेली हज्जाची. पण त्या दिवशी सी अल्लालची एक रोटी कमी भरली बघा. माझ्या हातून असं कधी होत नाही. अजून झोप लागत नाही मला."

मास्तरांनी टोपी चाचपली आणि घराची वाट धरली. घरी आल्यावर मात्र डोकं धरून बसले.

"रकिया, घात झाला! आकडा हज्जाला लागू पडलाय!"

रकियानं सुई थांबवली. "म्हणजे?"

"म्हणजे तिला माझी ओढ लागलीय. बघत नाहीस, रोज येते, धापा टाकते! आणि हे एकतीस विभाजकांचं आहे, दोन दिवसांत उतरायचं नाही."

मला वाटलं आता परात उडेल. पण रकियानं दोरा दातानं तोडला आणि शांतपणे म्हणाली, "येऊ दे की. गुंड्या वळायला दोन हात वाढतील. आणि तुमचा तो आकडा रोज ऐकायला तिला बसवू, मी जरा माहेरी जाऊन येते."

"चेष्टा करू नकोस! ती अल्लालची बहीण आहे. उद्या हे त्याच्या कानावर गेलं, तर तो ईदचीही वाट बघणार नाही. आजच बॅग उचलेल!"

"मग त्याच्या कानावर दुसऱ्या कुणी घालायच्या आत तुम्हीच घाला."

हे मात्र मास्तरांना पटलं. निघताना त्यांनी मला बरोबर घेतलं. म्हणाले, साक्षीदार हवा. मला वाटतं, पळायची वेळ आली तर दार उघडं धरायला माणूस हवा होता.

अल्लालच्या घरात नवी बॅग उघडी पडली होती, तिच्यात एक जगाचा नकाशा आणि तीन मोजे. अल्लालनं आम्हाला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"अल्लाल," मास्तर म्हणाले, "तुझी बहीण माझ्यावर भाळली आहे."

अल्लाल वळले. इतके महिने न बोललेलं त्यांच्या तोंडात एकदम आलं असावं, कारण काहीच बाहेर पडेना.

"दोष तिचा नाही," मास्तर घाईनं म्हणाले. "तिनं ९३६३५८४ खाल्लाय."

"काय खाल्लंय?"

मग मास्तरांनी सगळं सांगितलं. सुई, भट्टी, फळी, टोपी. अल्लाल ऐकत होते. खरंच ऐकत होते. मान डोलवत नव्हते, त्यावरून मी ओळखलं.

"थांब," अल्लाल म्हणाले. "म्हणजे माझी रोटी तू चोरलीस? मी त्या बा सल्लामशी तासभर भांडलो!"

"चोरली नाही, बदली केली. नंतर ती टोपीला..."

"आणि ही रोटी मला खायला घालणार होतास? मला?"

"मग काय न्हाव्याला?"

"का?"

मास्तर नकाशाकडे, मोज्यांकडे, छताकडे बघू लागले. शेवटी पुटपुटले, "चहा गोड लागत नाही रे."

अल्लाल काही तरी म्हणणार होते. मी शपथेवर सांगतो. पण तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि आधी मेंढा आत आला, मग दोरी, मग दोरीच्या टोकाला जवळजवळ आडवी झालेली हज्जा तामू. मेंढ्यानं खोलीत एक नजर टाकली, मास्तर दिसले, आणि तो सरळ जाऊन त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून उभा राहिला.

"इथेही!" हज्जा ओरडली. "इथेही हा माणूस! अरे, या मेल्या मेंढ्याला झालंय तरी काय?"

"मेंढ्याला?" मास्तर म्हणाले.

"नाही तर काय मला? तीन दिवस झाले, फिरायला काढला की मला फरफटत याच्या दारात नेऊन उभा करतो. आता हज्जा तामूला मेंढा ओढून नेतो, हे मी सगळ्या गल्लीला सांगू? म्हणून आपली वेळ विचारायची, पुदिना मागायचा. माझ्याकडे पुदिना नाही होय?"

मास्तरांनी मेंढ्याच्या डोक्यावर हात ठेवला. "हज्जा, परवा भट्टीतून एक टोचलेली रोटी..."

"ती? माझी नव्हतीच ती. माझ्या फणीची खूण मी ओळखत नाही होय? तिच्यावर तर अक्षरओळख झालेली कोंबडी चालून गेल्यासारखं काहीतरी होतं. कुणी करणी केली असेल म्हणून मी तोंडाला नाही लावली. मेंढ्याला घातली."

"सगळी?" मास्तर पुढे झुकले. "शेवटच्या चारापर्यंत?"

"फडकंसुद्धा चाटलं."

मग अल्लालच्या पोटातून एक विचित्र आवाज निघाला. ते बॅगेवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "चाळीस वर्षं तुझ्या आकड्याला कुणी मानलं नाही बुश्ता, आणि मानलं ते मेंढ्यानं!"

"त्यातली बडीशेप..." मी म्हणू लागलो. मास्तरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला सातचा पाढा आठवला.

त्या संध्याकाळी दोघं परत आपापल्या खुर्च्यांवर बसले. पण अल्लालची बॅग भरलेलीच होती. "बहीजाला शब्द दिलाय," ते म्हणाले. "ईद झाली की जातो. रोज फोन करत जाईन."

"बरं," मास्तर म्हणाले. चहात चार खडे साखर होती, तरी त्यांनी घोट घेतला तो औषधासारखा.

ईदच्या आदल्या दिवशी मास्तर हज्जा तामूकडे गेले, आणि त्यांनी ईदसाठी घेतलेला आपला धष्टपुष्ट मेंढा तिच्यापुढे उभा केला. तुमचा द्या, हा घ्या. हज्जानं कारण विचारलं. मास्तर म्हणाले, "जोडीदार आकडा मी खाल्लाय. आता तुम्हीच सांगा, तो कसा कापू देऊ?" हज्जानं पुढची दहा मिनिटं त्यांची अक्कल काढली, आणि मग मेंढा दिला, गळ्यातल्या घुंगरासकट.

ईद झाली. अल्लाल तांज्याला गेले. पहिल्या संध्याकाळी फोन आला, मास्तर कॉफीखान्यात होते, मी शेजारी.

"कसा आहेस बुश्ता? एकटाच बसलास ना?"

"छे, एकटा कुठला? मेंढा आहे ना. तुझ्या खुर्चीला बांधतो त्याला. आजच त्याला पूर्ण एकतीस सांगून झाले."

"मेंढ्याला?"

"अल्लाल, तो मध्ये एक शब्द बोलत नाही. तेलाच्या बुधल्याबद्दल विचारत नाही. आणि मान अशी डोलवतो, की बघत राहावं!"

"तो रवंथ करतोय, गाढवा!"

"तूही तेच करायचास, पण त्याच्या चेहऱ्यावर भाव तरी असतात."

फोन आपटल्याचा आवाज मलाही ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तांज्याहून येणाऱ्या गाडीतून सी अल्लाल उतरले. हातात बॅग, तीही धड बंद न झालेली, फटीतून नकाशा लोंबत होता. ते घरी गेले नाहीत, बहिणीकडे गेले नाहीत, सरळ कॉफीखान्यात आले. मास्तर नेमके एकोणिसाव्या विभाजकावर होते. मेंढा खुर्चीशेजारी उभा होता, पुढचे दोन पाय खुर्चीवर ठेवून, अतिशय लक्ष देऊन.

"ऊठ," अल्लाल त्याला म्हणाले. "माझी जागा आहे ती."

मेंढ्यानं मास्तरांकडे पाहिलं.

"ऐक त्याचं," मास्तर म्हणाले. "तो जुना आहे."